नेमलेल्या शास्त्रपाठांवरून रविवारचा संदेश: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूर आणि आसपासच्या ख्रिस्ती मंडळ्यांतले पाळक, सहायक उपदेशक आणि अधूनमधून उपासनेत संदेश (प्रवचन) द्यावा लागणारी वडील मंडळी यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरे आहेत. उपासना बहुतेक ठिकाणी हिंदीत होते, पण अनेकांची तयारी, प्रार्थना आणि टिपणे मराठीत असतात. उत्तरे लिहिताना हे गृहीत धरले आहे.

लेक्शनरी म्हणजे काय? यंदा कोणते वर्ष चालू आहे हे कसे ओळखायचे?

कोणत्या रविवारी आणि कोणत्या सणाला पवित्र शास्त्रातले कोणते उतारे वाचायचे याचे ठरलेले पत्रक म्हणजे लेक्शनरी. रोमन कॅथलिक चर्चने १९६९ मध्ये रविवारच्या पाठांचे तीन वर्षांचे चक्र आखले. अनेक प्रोटेस्टंट चर्च वापरतात ते १९९२ चे सामायिक पत्रक त्याच आराखड्यावर उभे आहे. ‘अ’ वर्षात मत्तयाचे शुभवर्तमान (येशूच्या जीवनाचा वृत्तांत), ‘ब’ वर्षात मार्काचे, ‘क’ वर्षात लूकचे. योहानाला स्वतंत्र वर्ष नाही. नाताळ, लेंट (पुनरुत्थानदिनाआधीचा उपवासकाळ), पुनरुत्थानकाळ आणि ‘ब’ वर्षातले काही रविवार त्याच्या वाट्याला येतात.

वर्ष जानेवारीत बदलत नाही. ते आगमनकाळाच्या (नाताळाआधीच्या चार रविवारांच्या काळाच्या) पहिल्या रविवारी, म्हणजे ३० नोव्हेंबरच्या सर्वांत जवळच्या रविवारी बदलते. ओळखायची रीत सोपी आहे. इसवी सनाला तीनने भागावे. बाकी एक उरली तर ‘अ’, दोन उरली तर ‘ब’, काहीच उरले नाही तर ‘क’. त्या हिशेबाने २०२६ हे ‘अ’ वर्ष, पण २९ नोव्हेंबर २०२६ पासून ‘ब’ सुरू होते. आगमनकाळातले चार रविवार मागच्याच वर्षाचे पाठ वाचण्याची चूक इथेच होते.

काही चर्च प्रत्येक रविवारला एक विषय देणारे आपले वेगळे पत्रक छापतात. तुमच्या डायोसीसने (बिशपच्या अखत्यारीतल्या धर्मप्रांताने) जे छापले आहे तेच पाळा. खाली उदाहरणे १९९२ च्या पत्रकातली आहेत, पण पद्धत कुठल्याही पत्रकाला चालते.

आवडीचा उतारा घेतला तर काय बिघडते?

पाच-सहा वर्षांत मंडळीला त्या उपदेशकाचे आवडते तीसेक उतारे पाठ होतात आणि बाकीचे पवित्र शास्त्र बंदच राहते. नेमलेला पाठ आपल्याला नको असलेल्या ठिकाणी नेतो: आमोसाची बाजारातल्या खोट्या मापांवरची टीका, यिर्मयाची तक्रार, करिंथच्या मंडळीतले तंटे. त्यात आणखी एक संरक्षण आहे. मंडळीत वाद चालू असताना एखादे कठोर वचन आले, तर ते पाळकाने कुणाला टोचायला निवडले नाही, हे सगळ्यांना ठाऊक असते. पत्रक आधीपासून भिंतीवर असते.

एका रविवारी चार पाठ असतात. चारही संदेशात आणायचे का?

नाही. नवीन उपदेशकाचा संदेश सर्वांत जास्त बिघडतो तो याच हट्टामुळे. चार पाठ कसे निवडले गेले आहेत हे आधी समजून घ्या.

शुभवर्तमानाचा पाठ हा त्या दिवसाचा कणा. स्तोत्र हे जुन्या करारातल्या पाठाला मंडळीने दिलेले उत्तर असते, म्हणून ते त्या पाठाबरोबर वाचावे. आगमनकाळ, नाताळ, लेंट आणि पुनरुत्थानकाळात बाकीचे पाठ बऱ्याच अंशी शुभवर्तमानाशी जुळवून घेतलेले असतात. पुनरुत्थानकाळात जुन्या कराराच्या जागी प्रेषितांची कृत्ये येतात. पेंटेकॉस्टनंतरच्या (पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या सणानंतरच्या) लांबलचक काळात मात्र चित्र बदलते. नव्या करारातली पत्रे आपली आपली क्रमाने पुढे सरकतात. ‘अ’ वर्षात रोमकरांस पत्र जून ते सप्टेंबर चालते आणि त्याचा त्या दिवसाच्या शुभवर्तमानाशी मुद्दाम जोडलेला काही संबंध नसतो. जुन्या करारासाठी दोन पर्याय छापलेले असतात. एक पर्याय शुभवर्तमानाशी मिळता. दुसरा कथा सलग पुढे नेणारा: ‘अ’ वर्षात उत्पत्तीपासून पुढे, ‘ब’ मध्ये दाविदाचा काळ, ‘क’ मध्ये संदेष्टे. जूनमध्ये एक पर्याय धरला की नोव्हेंबरपर्यंत तोच ठेवा. मधेच बदलल्याने योसेफ विहिरीत पडतो आणि मंडळी त्याला मिसरात पोहोचलेला कधी पाहतच नाही.

जिथे जोड नाही तिथे ओढून आणलेली जोड ऐकणाऱ्याला लगेच कळते. एक पाठ घ्या. दुसरा फार तर एका वाक्यापुरता, तोही खरेच मदत करत असेल तर.

पाठ छापताना मधली वचने गाळलेली असतात. ती वाचावीत का?

तयारीत नेहमी वाचा. कधी उतारा आटोपशीर करण्यासाठी वचने गाळलेली असतात, कधी ती कानाला खुपतात म्हणून. स्तोत्र १३९ चे पाठ १ ते १२ आणि २३-२४ असे येतात. १९ ते २२ मधला शत्रूंवरचा संताप गळतो. त्या संतापानंतर लगेच ‘माझे हृदय पारख’ ही विनवणी येते हे लक्षात घेतले, तर तिचे वजन वाढते. उपासनेत काय वाचायचे हे पाळक ठरवतील, पण उपदेशकाला गाळलेले ठाऊक नसणे चालणार नाही. पाठाच्या आधीची दहा आणि नंतरची दहा वचनेही वाचा. लूक ४ मधला नासरेथचा प्रसंग ‘क’ वर्षात दोन रविवारांत तुटतो. पहिल्या रविवारी फक्त कौतुक ऐकू येते, कड्यावरून लोटण्याचा प्रयत्न पुढच्या रविवारी येतो.

नोकरी सांभाळून तयारी करायची आहे. आठवडा कसा आखावा?

एकूण सात-आठ तास लागतात. ते एका शनिवारी एकदम काढले तर संदेश कच्चा राहतो, कारण पाठ डोक्यात मुरायला दिवस लागतात.

सोमवारी फक्त मोठ्याने वाचा, चारही पाठ, वीस मिनिटे. काही लिहू नका. मंगळवारी निवडलेला पाठ वहीत हाताने उतरवून काढा. सोळा वचने उतरवायला अर्धा तास लागतो, आणि डोळा ज्यावरून घसरत होता ते शब्द हाताला अडवतात. त्याच पानावर प्रश्न लिहा: कोण बोलतो, कोणाशी, आधी काय घडले, काय विचित्र वाटते, मला काय आवडले नाही. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर प्रामाणिकपणे लिहा. संदेश बहुधा तिथूनच निघतो.

बुधवारी संदर्भ. गुरुवारी टीकाग्रंथ (पाठांचे विवरण करणारी पुस्तके) आणि केंद्रवाक्य. शुक्रवारी दोन तास मसुदा. शनिवारी उभे राहून, घड्याळ लावून मोठ्याने वाचन आणि काटछाट. ज्याची शुक्रवारी रात्रपाळी असते त्याने सगळे एक दिवस आधी सरकवावे, पण मसुदा आणि मोठ्याने वाचन यांत एक रात्र जाऊ द्यावी. लगेच वाचले तर स्वतःच्या वाक्यातली खोट दिसत नाही.

टीकाग्रंथ गुरुवारपर्यंत का थांबवायचे?

आधी उघडले की तुमचे प्रश्न मरतात आणि लेखकाचे प्रश्न तुमचे होतात. उशिरा उघडले की तुमच्या प्रश्नांना उत्तरे मिळतात आणि चुकाही पकडल्या जातात. दोन पुरेत: एक पाठाची रचना व इतिहास सांगणारा, एक उपदेशासाठी लिहिलेला. त्यातले फार तर दोन तपशील संदेशात यावेत.

केंद्रवाक्य म्हणजे काय? एक पाठ घेऊन दाखवता का?

‘अ’ वर्षातला मत्तय २०:१-१६ घेऊ, द्राक्षमळ्यातले मजूर. २०२६ मध्ये हा पाठ २० सप्टेंबरला येतो. सोबत निर्गम १६ मधला मान्ना (रानात देवाने दिलेले रोजचे अन्न) किंवा योना ३:१० ते ४:११, आणि फिलिप्पैकरांस १:२१-३०. फिलिप्पैकरांस बाजूला ठेवा. ते आपल्या क्रमाने आले आहे.

पहिली पायरी: मागे-पुढे पाहा. १९:२७ मध्ये पेत्र विचारतो की आम्ही सर्व सोडून आलो, आम्हाला काय मिळणार. १९:३० मध्ये पहिले शेवटचे होण्याचे वचन आहे आणि तेच वचन उलटून २०:१६ मध्ये येते. म्हणजे दाखला पेत्राच्या हिशेबाला दिलेले उत्तर आहे. पुढे २०:२० मध्ये जब्दीच्या मुलांची आई उजव्या-डाव्या जागा मागते. हिशेब संपलेला नाही.

दुसरी पायरी: तपशील मोजा. मालक पाचदा बाहेर पडतो: पहाटे, मग साधारण नऊ, बारा, तीन आणि संध्याकाळी पाचला. एक दिनार ही मजुराची दिवसाची मजुरी. ठरलेली रक्कम फक्त पहिल्यांची. नऊ वाजता आलेल्यांना ‘योग्य ते देईन’ एवढेच सांगितले जाते. उशिरा उभे असलेले आळशी आहेत असे दाखल्यात कुठेही नाही. ते म्हणतात की आम्हाला कोणी कामावर लावले नाही. पैसे शेवटच्यांपासून वाटले जातात, नाहीतर पहिल्यांना काही कळलेच नसते आणि दाखला तिथेच संपला असता. पैसे संध्याकाळीच वाटले जातात, कारण अनुवाद २४:१४-१५ सांगते की गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी.

तिसरी पायरी: केंद्रवाक्य. संदेश काय सांगणार हे पंधरा-वीस शब्दांच्या एका पूर्ण वाक्यात लिहा. ‘देव दयाळू आहे’ हे केंद्रवाक्य होत नाही. ते शंभर पाठांना लागू पडते. या पाठाचे असे होऊ शकेल: ‘शेवटी आलेल्याच्या घरीही पूर्ण दिवसाची भाकरी लागते हे मालकाला ठाऊक आहे, आणि तो त्या गरजेप्रमाणे देतो.’ मान्न्याचा पाठ इथे एका वाक्याने मदत करतो, कारण तिथेही प्रत्येकाला दिवसापुरते मिळते. मसुद्यातला जो परिच्छेद केंद्रवाक्याला काही देत नाही तो कापा, कितीही सुंदर असला तरी.

चौथी पायरी: शेवट पाठाकडून घ्या. मालक प्रश्न विचारून थांबतो. कुरकुरणाऱ्यांचे उत्तर मत्तय देत नाही. योनाचे पुस्तकही देवाच्या प्रश्नावर संपते. मग संदेशानेही प्रश्नावर थांबायला हरकत नाही. अशा पाठाला शेवटी ‘म्हणून आपण तीन गोष्टी शिकतो’ जोडले की पाठाची धार जाते.

याच पाठावर कोणत्या चुका होतात?

तीन मोठ्या. पहिली, पहाटे आलेले म्हणजे यहूदी आणि उशिरा आलेले म्हणजे ख्रिस्ती असे सांगून मोकळे होणे. त्याने मंडळीला वाटते की आपण शेवटचे, आपल्याला लाभच लाभ. खरे तर पेत्राला दिलेले हे उत्तर आज पिढ्यान्‌पिढ्या मंडळीत असलेल्या घरांना लागते. दुसरी, कुरकुरणाऱ्यांना खलनायक करणे. दिवसभर उन्हात राबलेल्या माणसाची तक्रार समजण्यासारखी आहे आणि मालकही त्याला ‘मित्रा’ म्हणतो.

तिसरी चूक इंदूरमध्ये विशेष जपून टाळावी: मालक देईल त्यात समाधान मानावे, असा अर्थ काढणे. या शहरात हुकुमचंद मिल बंद पडल्यावर कामगारांना आपल्या देण्यांसाठी सुमारे तीस वर्षे वाट पाहावी लागली. डिसेंबर २०२३ मध्ये सुमारे ४,८०० कामगारांसाठी २२४ कोटी रुपयांचा मार्ग मोकळा झाला. तोवर कित्येक कामगार वारले होते. त्या घरांतले कोणी समोर बसलेले असताना हा दाखला मालकशाहीच्या बाजूने सांगणे चूक तर आहेच, शिवाय पाठाच्या विरुद्ध आहे. दाखल्यातला मालक कुणाची ठरलेली मजुरी बुडवत नाही. तो सगळ्यांचे पैसे त्याच संध्याकाळी देतो.

स्थानिक उदाहरण कसे निवडावे?

ते खरे असावे, तपासलेले असावे आणि पाठापेक्षा मोठे होऊ नये. सकाळी चौकात उभे राहणारे मजूर सगळ्यांनी पाहिलेले आहेत; ऊन चढल्यावर तिथे कोण उरते, म्हातारे की धडधाकट, एवढे विचारले तरी दाखला उघडतो. योहान ४ च्या शोमरोनी स्त्रीसाठी पाण्याचे उदाहरण घ्याल तर नर्मदेचे पाणी जलूदहून उचलून शहरात आणले जाते हे नीट सांगा, अंदाजे बोलू नका; मंडळीत पाणीपुरवठ्यात नोकरी केलेला कोणीतरी असतोच. मंडळीतल्या जिवंत माणसाचे उदाहरण परवानगीशिवाय कधीच नको, नाव न घेताही नको. ऐकणारे ओळखतात.

लांबलचक पाठाचे काय करावे?

‘अ’ वर्षात लेंटमध्ये लागोपाठ तीन मोठे पाठ येतात: योहान ४:५-४२, योहान ९ आणि योहान ११:१-४५. प्रत्येकाच्या वाचनाला पाच-सहा मिनिटे लागतात. निवेदक, येशू आणि इतर पात्रे असे तीन-चार वाचक ठेवा, शुक्रवारी एकदा तालीम घ्या आणि संदेश तेवढाच छोटा करा. २०२६ मध्ये योहान ४ चा रविवार ८ मार्चला, म्हणजे रंगपंचमीलाच आला. गेरमुळे (रंगपंचमीच्या मिरवणुकीमुळे) राजवाड्याकडचे रस्ते बंद असतात, लोक उशिरा पोहोचतात. अशा दिवशी मोठा पाठ उपासनेच्या सुरुवातीला न ठेवता थोडा मागे घ्यावा. पंचांग आणि चर्चचे पत्रक जानेवारीतच शेजारी ठेवून अशा तारखा खुणावून ठेवाव्यात.

लागोपाठ पाच रविवार एकच विषय आला तर?

‘ब’ वर्षात जुलैअखेर ते ऑगस्ट योहान ६ चालतो, पाच आठवडे भाकरी. पाचही पाठ जूनमध्येच एका बैठकीत वाचा आणि प्रत्येकाला वेगळे केंद्रवाक्य द्या: पहिल्या रविवारी मुलाच्या पाच भाकरी, दुसऱ्यात लोक येशूला का शोधतात, तिसऱ्यात त्यांची कुरकुर, चौथ्यात प्रभुभोजन, पाचव्यात सोडून जाणारे शिष्य आणि पेत्राचे उत्तर. आठवड्यागणिक विचार केला तर तिसऱ्या रविवारी सगळे संपलेले असते. एखाद्या रविवारी इफिसकरांस पत्रही घेता येते.

‘बापाचा द्वेष करा’ असा पाठ आला तर तो टाळावा का?

टाळू नये. लूक १४:२६ ‘क’ वर्षात येते आणि आईवडिलांचा मान जपणाऱ्या आपल्या घरांत ते जड जाते. ते मोठ्याने वाचा आणि जड आहे हे पहिल्याच मिनिटात मान्य करा. मग मत्तय १०:३७ शेजारी ठेवा, तिथे तीच गोष्ट ‘माझ्यापेक्षा अधिक प्रीती’ अशी येते. लूकमध्ये लगेच बुरुज बांधणाऱ्याचा आणि लढाईला निघालेल्या राजाचा हिशेब आहे. येशू गर्दीला किंमत आधी सांगतो आहे. विश्वासामुळे घर तुटलेले कोणी समोर असू शकते. त्या माणसासाठी हे वचन आधीच जगलेले असते, म्हणून आवाज खाली ठेवा.

संदेश किती मिनिटांचा? लिहून वाचावा की टिपणांवरून बोलावे?

पंधरा ते अठरा मिनिटे. सावकाश, स्पष्ट बोलणारा मिनिटाला शंभर ते एकशेदहा शब्द बोलतो, म्हणजे लिखित मसुदा १,६०० ते १,९०० शब्दांचा. प्रभुभोजनाच्या रविवारी बारा मिनिटे.

पहिली दोन वर्षे पूर्ण लिहा. मग व्यासपीठावर नेताना एक पानाचे टिपण करा, पण पहिली चार आणि शेवटची चार वाक्ये शब्दशः लिहिलेली ठेवा. संदेश लांबतो तो मधे नाही, शेवटी. उतरायची जागा ठरलेली नसते म्हणून.

तयारी मराठीत, संदेश हिंदीत. काय जपावे?

पुस्तकांची नावे टिपणात हिंदीतच लिहा: स्तोत्रसंहितेला भजन संहिता, मत्तयला मत्ती, कृत्यांना प्रेरितों के काम. ऐनवेळी अडखळले की ऐकणारे पाने उलटतच राहतात. वचन उद्धृत करायचे असेल तर मंडळीच्या हातातल्या पवित्र शास्त्रातूनच, स्वतः भाषांतर करून नको. आणि मसुदा मराठीत लिहून हिंदीत उलथवू नका. केंद्रवाक्य हिंदीत नव्याने रचा, मग पुढचे.

शनिवारी मंडळीत मृत्यू झाला किंवा शहरात मोठी दुर्घटना घडली. पाठ बदलायचा का?

पाठ सहसा ठेवा, संदेशाचा प्रारंभ बदला. घडलेले पहिल्या दोन मिनिटांत नाव घेऊन सांगा, मग पाठाकडे जा. पाठ अगदीच विसंगत असेल तर त्या दिवशीच्या स्तोत्रावर बोला. विलाप करणारे स्तोत्र १३ किंवा १३० कुठल्याही रविवारी वाचता येते. ‘देवाचीच इच्छा’ असे सांगायची घाई करू नका. आठ मिनिटांचा संदेश आणि लांब शांत प्रार्थना अशा दिवशी पुरते.

तीन वर्षांनी पाठ परत येतो. जुना संदेश वापरावा का?

आधी पाठावर नव्याने मंगळवारपर्यंतचे काम करा, मगच जुनी वही उघडा. जुन्यातले तपशील आणि संदर्भ घ्या. उदाहरणे आणि शेवट बदला. नाताळला पाठांचे तीन संच असतात, दोन लूक २ मधले आणि एक योहान १. दरवर्षी वेगळा संच घेतला तर मेंढपाळ, मरीया आणि योहानातला ‘शब्द’ या तिघांनाही पाळी मिळते.

इंटरनेटवरचे तयार संदेश किंवा एआयने लिहिलेला मसुदा चालेल का?

संदर्भ शोधायला चालेल, पण प्रत्येक वचन पवित्र शास्त्र उघडून तपासा. अध्याय-वचनांचे आकडे चुकलेले सापडतात. उचललेला संदेश दुसऱ्याच गावच्या मंडळीशी बोलतो. दवाखान्यात कोण आहे, कोणाच्या मुलीचे लग्न मोडले, हे त्याला ठाऊक नसते.

शास्त्रपाठ वाचणाऱ्याला काय सांगावे?

गुरुवारीच पाठ कळवा, छापील कागद द्या, अवघड नावांवर खूण करा: नबुखद्नेस्सर, मलकीसदेक, थेस्सलनीका. पुस्तक, अध्याय, वचन सांगून झाल्यावर मनात तीन मोजायला सांगा, तोवर लोक पान काढतात. माइक हनुवटीपासून एक वीत लांब. वाचताना उपदेशकाने स्वतःचे टिपण चाळू नये. मान वर करून मंडळीबरोबर पाठ ऐकावा.